बहात्तरावं रोप

फाटक ढकलायचं की आधी हाक मारायची, हे मिताली ठरवत होती, तेवढ्यात आतून पुरुषाचा आवाज आला.

"मानीबाई, आज तुले पानी नाही मिळत. काल लय झालं. शहनाज, तू जराशी भिंतीकडं सरक. अन् अतिया... काहून तोंड पाडून बसली सकाळपासून?"

मितालीचा हात फाटकावरच राहिला. दुपारचे पावणेबारा, पितृपक्षाचा दुसरा दिवस. सकाळी एक सर येऊन गेली होती आणि आता भाद्रपदाचं ते चिकट, कातडीला पोळणारं ऊन पडलं होतं. कळंबच्या त्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं. फटीतून अख्खं परस दिसत होतं. लिंबू, केळी, शेवगा, मांडवावर चढलेला दोडका... पण बाई म्हणावी अशी एकही बाई तिथं नव्हती. होता तो एक उंच, सावळा तरुण, हातात बादली. आणि बोलत होता चांगला तीन-तीन बायकांशी.

दुसरी कोणी असती तर आल्या पावली परत फिरली असती. मितालीही फिरली असती, खोटं कशाला सांगा! पण तिच्या यादीत साठ घरं होती आणि हे साठावं होतं. एका घरासाठी एकोणसाठ घरांच्या मेहनतीवर पाणी सोडायचं? तिनं कडी वाजवली.

तो वळला. ओशाळला नाही की दचकला नाही.

"कोन पाहिजे जी?"

"तुम्ही... कोणाशी बोलत होता?"

"मानीबाईशी."

"कुठं आहेत त्या?"

त्यानं लिंबाच्या झाडाला हात लावला. "ही काय."

"अहो, म्हणजे खऱ्या मानीबाई?"

"त्या वारल्या. आठ वर्षं झाली," तो म्हणाला. मानीबाई बाजारात गेल्यात म्हणावं, इतक्या सहज. मग तिचा चेहरा पाहून त्याला हसू आलं. हसला की त्याच्या उजव्या गालाला खळी पडत होती, आणि मितालीनं ती लगेच टिपून ठेवली. वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी ना, निरीक्षणाची सवय!

ती यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्याची, यवतमाळच्याच कॉलेजात एम.एस्सी.ला. काम असं, की घरोघरच्या परसबागा मोजायच्या. महागावकडची डोंगरकाठची तीस घरं झाली होती. तिकडे लोक परसातला मोह तोडत नाहीत, सीताफळं आपोआप उगवतात, कुंपणालाच अर्धा दवाखाना असतो. इकडे कळंबच्या काळ्या मातीत तीस. इथं लिंबू, केळी, अळू, मेंदी, फुलझाडं. प्रत्येक झाडाची एक ओळ आणि ओळीत चार रकाने: नाव, किती, उपयोग काय, कोणाकडून आणलं. हा चौथा रकाना सरांनी सहज घातला होता. पुढं सगळं रामायण त्याच रकान्यानं घडवलं.

तरुणाचं नाव सलील. घरात तो आणि वडील सदाशिवराव, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, गुडघ्यांनी अधू. आई, शोभाबाई, दोन वर्षांपूर्वी गेलेल्या. बाग त्यांची. त्यांचा एक नेम होता: रोप ज्या बाईनं दिलं, त्या बाईचं नाव रोपाला. त्या घरात लिंबाला लिंबू म्हणतच नसत. "मानीबाईची दोन फळं आन," असं म्हणत. मेंदी म्हणजे शहनाज, मोडक्या कुंडीतला गुलाब म्हणजे अतिया. आणि देणारी बाई गेली, की तिच्या रोपाला दहा दिवस सुतक. त्याचं पान तोडायचं नाही, फळाला हात लावायचा नाही, बुंध्याला पांढरा दोरा बांधून ठेवायचा.

मितालीनं वर पाहिलं. वारा नव्हता. कितीतरी बुंध्यांना जुने, काळवंडलेले दोरे लोंबत होते. आपण कोणाकोणाच्या मध्ये उभ्या आहोत, ते तिला एकदम जाणवलं आणि भर उन्हात तिच्या अंगावर काटा आला.

"आणि तुमच्या आईंचं रोप कोणतं?"

"आईचं कोनतंच नाही," सलील म्हणाला. "ती देनारी. आपल्याच बागेत आपलंच रोप आपल्याले कोन देते?" त्यानं बादली खाली ठेवली. "एकाहत्तर आहेत. तिनं मोजून ठेवलेली. त्यात एक कमी होऊ द्यायचं नाही, एक वाढवायचं नाही. असं ठरवलं मी."

मग दोघं मोजायला लागले. तो नाव सांगायचा, ती लिहायची आणि फांदीला पत्र्याची नंबराची चकती बांधायची. पारिजातकापाशी तो म्हणाला, की हा चोरीचा, चोरीचं रोप हमखास लागतं. मितालीनं लेखणी रोखली; नाव मात्र ज्या बाईच्या दारातून उचललं तिचंच, असं त्यानं सांगितलं. बोलता बोलता त्यानं आपल्या आईच्या माहेरची, महागावकडची एक रीतही सांगून टाकली. तिकडे म्हणे हळद मागून आणत नाहीत. सासूनं एखादी मुलगी मनात धरली, की ती काहीतरी निमित्तानं त्या घरी जाते, परसातला हळदीचा एक गड्डा गुपचूप उचलते आणि आपल्या दारी लावते. लागला तर मागणी घालायला जायचं. नाही लागला तर चूप बसायचं.

"म्हणजे बिचाऱ्या मुलीला पत्ताच नाही?"

"नाही कळत तेच बरं नाही का? कोनाचा अपमान नाही, काही नाही. तुमच्या घरी आहे का हळद?"

"आहे ना. आणि कुंपणही आहे, काटेरी."

तो हसला. मितालीची ओळ चुकली, ती खोडून पुन्हा लिहावी लागली.

अळूच्या पलीकडे, न्हाणीचं पाणी मुरतं त्या कोपऱ्यात, ती थांबली. जमिनीतून बोटभर कोंब वर आला होता. फिकट, गुंडाळलेला, टोकदार. तिनं यादीवर नजर टाकली. एकाहत्तर भरले होते.

"हे बहात्तरावं. कोणाचं?"

सलील जवळ आला आणि त्याचा चेहरा उतरला. हे नव्हतं, तो म्हणाला. कालपर्यंत नव्हतं. मितालीनं वाकून पाहिलं. आल्या-हळदीच्या कुळातलं काहीतरी, कर्दळही असू शकते, पान उघडल्याशिवाय सांगता येत नाही. पण ती मंडळी मृगात फुटतात. भाद्रपदाच्या वद्यात कोंब कोणी काढतं का? आणि आणखी एक. अख्खी बाग उन्हानं वाळत आली होती, पण कोंबाभोवतीची वीतभर माती काळी, ओली होती. नुकतंच कोणी पाणी घालून गेल्यासारखी.

"तुम्ही घातलंत?"

"मी इकडं आलोच नाही अजून."

तेवढ्यात आवाज झाला. टण्ण. न्हाणीच्या दगडावर पाण्याचा पितळी गडवा ठेवावा तसा. दोघं एकदम वळले. दगडावर गडवा होता. दगडाजवळ कोणी नव्हतं.

आतल्या खोलीतून सदाशिवरावांचा समाधानी आवाज आला, "आली वाटते." आणि मग पाट सरकवल्याचा, ताट मांडल्याचा.

"रोज होते," सलील तिच्याकडे न बघता हळूच म्हणाला. "बाराले. मांजर असंन." पण मांजर काही दिसलं नाही.

खरं तर काम झालं होतं. साठावं घर झालं, आता घरी बसून तक्ते मांडायचे. पण मितालीनं स्वतःची समजूत घातली, की बहात्तराव्याची ओळख पटल्याशिवाय यादी पुरी कशी म्हणायची? शास्त्राला बट्टा नको! म्हणून ती पंचमीला गेली. सप्तमीला गेली. अविधवा नवमीला शोभाबाईंचं श्राद्ध होतं, त्या दिवशी नाही गेली, पण दशमीला सकाळीच हजर. आई म्हणाली, एवढं काय आहे त्या बागेत? मिताली म्हणाली, एक कोंब आहे. खोटं नव्हतंच ते.

कोंब वाढत होता. दर खेपेला ती त्याला चकती बांधायची आणि दर खेपेला ती पडलेली सापडायची. तुटलेली नव्हे, नीट सोडून बाजूला ठेवलेली, दोऱ्याची घडी करून. आणि माती ओली. एकदा तर मितालीनं सलीललाही तिथून हलू दिलं नाही; दोघं अळूमागं, खांद्याला खांदा लावून, अकरापासून बसून राहिले. पाखरं गप्प झाली. शेवग्याच्या शेंगासुद्धा हलेनात. त्याच्या शर्टाला येणारा साबणाचा वास, तिच्या केसांतून ओघळणारा घाम... आणि पापणी लवते न लवते तोच, टण्ण. माती ओली झालेली होती. पाणी पडताना दोघांनीही पाहिलं नव्हतं. मितालीनं त्याचा हात केव्हा धरला, हे तिला कळलं नाही. तो सोडायचा राहिला हे मात्र दोघांनाही कळलं.

सलीलची लोहाऱ्याच्या कंपनीत दुपारची पाळी. त्यामुळं दीडच्या एसटीत दोघं बरोबर असत. खिडकीशी ती, बाजूला तो, मांडीवर त्याचा डबा आणि तिच्या वह्या. बसमध्ये भुताबितांचं नाव निघत नसे. तिथं त्याचं बोलणं रंगायचं. आपल्याला चार स्थळं पाहून गेली, असं त्यानंच सांगितलं.

"मग?"

"मग काय. पाहुने बसले, चहा आला. मी परसात अतियाशी बोलून राह्यलो होतो, मागं पाह्यलं तर मुलीचा भाऊ. त्यानं ऐकलं. तरी ते निभावलं असतं. पन बाबा पाहुन्याइले म्हनाले, 'थांबा जरा, बाराले ती येईन, मग बोलू.' भिंतीवर आईचा फोटो, त्याले हार. पाहुने चहा तसाच ठेवून पळाले."

मिताली इतकी हसली, की कंडक्टरनं वळून पाहिलं. मग सलील हसतोय पण त्याचे डोळे हसत नाहीत, हे तिनं पाहिलं आणि ती थांबली.

"तुमी नाही पळाल्या," तो म्हणाला.

"माझं काम व्हायचंय अजून."

"काम झालं की पळान?"

ती बाहेर बघत राहिली. शेतांमधून कपाशी पिवळ्या फुलांवर आली होती. यवतमाळ जवळ आलं तसा तो घुटमळला, म्हणाला, की मले तुम्हाले काही सांगायचं आहे... पण आता नाही. का, म्हणून तिनं विचारलं, तर म्हणे पितृपक्ष चालू आहे, शुभ काही बोलत नाहीत. घट बसले की बोलतो. बोलायचं ते न बोलताच सगळं बोलून टाकलं पठ्ठ्यानं! मितालीचे कान तापले. तिनं मनातल्या मनात दिवस मोजले. पाच.

त्रयोदशीला ती गेली तेव्हा पान उघडलं होतं. लांब, पोपटी, मधे शीर. तिनं कडेचा तुकडा खुडून चुरडला, हुंगला. हळद. पण कळंबातल्या तीस घरांत ज्या दोन-तीन घरी हळद होती, तिचा असा वास नव्हता. हा दाट होता, थोडा कडवट, आणि कुठंतरी ओळखीचा. तिनं दुसरा तुकडा वर्तमानपत्रात दाबून वहीत ठेवला आणि सलीलला सांगायला वळली, तर तो पायरीवर बसलेला. आत सदाशिवराव खाटेवर, कपाळाला पट्टी.

कालची गोष्ट. बाराचा आवाज झाला आणि म्हातारा उठून परसात गेला. दोन वर्षांत पहिल्यांदा. "शोभा, थांब, मी येतो," असं म्हणत. त्या ओल्या मातीवर पाय घसरला आणि डोकं न्हाणीच्या दगडावर. चार टाके. इंचभर इकडं-तिकडं झालं असतं, तर आज ह्या घरात दुसरं सुतक असतं.

"अमावास्येले तो कोंब काढून टाकतो," सलील म्हणाला. त्याचा आवाज सपाट होता. "बाराच्या ठोक्याले. सर्वपित्री आहे, सगळ्याइले निरोप द्यायचा दिवस. बिननावाचं रोप आमच्या बागेत राहत नसते, आईचाच नियम आहे. ते गेलं की तिचंही येनं थांबंन. नाहीतर बाबा जातीन तिच्यामागं."

"पण ती साधी हळद आहे सलील. कोणीतरी लावलेली..."

"कोनं? सांगा. नाव सांगा, ठेवतो."

तिच्यापाशी नाव नव्हतं. साठ घरांचे चौथे रकाने भरले होते आणि हाच एक कोरा होता.

"अन् तुमीही आता येऊ नका," तो म्हणाला.

"घट बसल्यावर काहीतरी सांगणार होता तुम्ही."

"ते राहू द्या. ज्या घरात माय अजून फिरून राह्यली, त्या घरात मी कोनाले आनू? एकाहत्तर आहेत, तेवढे पुरे. ह्या बागेत नवीन काही नाही लावायचं. मानूसही नाही."

मिताली त्या दिवशी एकटीच दीडच्या बसमध्ये बसली. रडू येत होतं आणि रागही येत होता. एका मेलेल्या बाईवर राग धरावा तरी कसा, हे तिला समजेना. पण धरला तिनं. तुमचा मुलगा मला हवा होता हो, ती मनातल्या मनात शोभाबाईंना म्हणाली. तुम्हाला काय जात होतं?

अमावास्येला सकाळी ती अंगणात वह्या पसरून बसली होती. साडेनऊ झाले असतील. आई वहीतून पडलेलं वर्तमानपत्र उचलायला वाकली आणि तिथंच थबकली. नाकाशी धरलं. पुन्हा धरलं.

"आपली हळद कायले खुडली गं?"

"आपली नाहीये ती. कळंबची आहे."

"चल, काहीतरीच. माझ्या आईनं वायगावहून दिलेला गड्डा आहे तो. वीस वर्षं त्याचा वास घेऊन राह्यली मी. मले नको शिकवू."

मिताली उठून मागं धावली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! साठ घरं पालथी घातली पोरीनं, पण स्वतःच्या आईचं परस काही मोजलं नव्हतं. हळदीचा वाफा कुंपणालगत होता, तिच्या कमरेएवढा. आठ-आठ गड्ड्यांच्या ओळी. तिसऱ्या ओळीत सात.

"हा कुठं गेला?"

आईला आठवायला वेळ लागला नाही, कारण ती त्या चोरीबद्दल तेव्हाच चिडली होती आणि ती जागा तिनं दरवर्षी रिकामीच ठेवली होती. अडीच वर्षांपूर्वीची गोष्ट, माघातली. हळद काढायचं काम चाललं होतं. एक बाई दारात आली, पाणी मागायला. चांगल्या घरची, हसरी. मुलगा इथल्याच कंपनीत लागलाय, त्याचा डबा घरी राहिला म्हणून आणून दिला, म्हणाली. कळंबची. मागं बाग आहे म्हटल्यावर बघायला आली, आणि गेल्यावर पाहिलं तर बेण्यासाठी ठेवलेल्या ओळीत खड्डा. "अवो, तूच तर दिलं होतं तिले पानी," आई म्हणाली. "हातभर चिखलात होतीस."

आणि मितालीला ते आठवलं. चेहरा नाही आठवला, हात आठवले. हिरव्या बांगड्या. तिनं दिलेला गडवा त्या बाईनं तोंड न लावता, उंचावरून, एका दमात संपवला आणि धुण्याच्या दगडावर ठेवला होता. टण्ण. तिच्या हळदीनं माखलेल्या तळव्यांकडे बघून म्हणाली होती, "पोरी, तुझे हात तर आधीच पिवळे झाले." मितालीनं हसून ते झटकून टाकलं होतं. तिला त्या वेळी परीक्षेचा अभ्यास होता.

माघात चोरलेला गड्डा. त्याच वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी शोभाबाई गेल्या. तो लागतो की नाही, हे बघायला राहिल्याच नाहीत. आणि हळदीचा गड्डा जमिनीत अडीच वर्षं फुटल्यावाचून राहत नाही, कुजून जातो, हे मितालीला पुस्तकांतून पाठ होतं. पण हा राहिला. ती स्वतः सलीलच्या फाटकातून आत आली, त्या दिवसापर्यंत.

तिनं फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. मग चप्पल घातली ती उजवी डावीकडे का काय, आईला हाक मारून सांगितलं की येऊन सांगते, आणि रिक्षा धरून बसस्टँड गाठला. कळंबची बस सुटता सुटता मिळाली. कळंबच्या चिंतामणी गणपतीच्या दर्शनाची गर्दी, वाटेत बस दोनदा माणसं उतरवायला थांबली. मिताली दाराशी उभी राहून घड्याळ बघत होती. अकरा पंचवीस. अकरा चाळीस. उपटलेली हळद पुन्हा लावता येते, हे तिला माहीत होतं. पण आपल्या हातानं उपटल्यावर सलील पुन्हा काही लावणार नाही, हेही माहीत होतं.

फाटक उघडंच होतं. बागेत आवाज नव्हता. सलील कोपऱ्यात उभा होता, कुदळ हातात, कोंबाभोवती कोरलेलं रिंगण. माती ओढून ओढून गड्डा उघडा पडला होता. शेवटचा घाव तेवढा राहिला होता.

"थांबा," ती धापा टाकत म्हणाली. "नाव सांगायला आलेय."

तो वळला. दोन दिवसांत दाढी वाढली होती, डोळे तांबारलेले.

मिताली खाली बसली. नखानं गड्ड्याची साल खरवडली. आत केशरी, ओला रंग. तळहातावर चोळून तिनं हात त्याच्यासमोर धरला.

"ही लोहाऱ्याची आहे. आमच्या वाफ्यातली, तिसऱ्या ओळीतली. माघात तुमचा डबा राहिला होता ना घरी? तुमच्या आई तो द्यायला आल्या होत्या. मी त्यांना पाणी दिलं आणि त्यांनी... दिली नाही कोणी ही, सलील. तुमच्या आईनं चोरली."

सलीलला पहिल्यांदा काही कळलं नाही. मग कळलं. कुदळ त्याच्या हातातून सुटून अळूत पडली. तो तिथंच मातीत बसला, आणि दोन वर्षांत जे रडला नव्हता ते रडला. मितालीनं हळदीचा हात तसाच त्याच्या डोक्यावर ठेवला. केस पिवळे झाले त्याचे.

"सांगितलं काहून नाही तिनं?" तो शेवटी म्हणाला.

"रीतच आहे ना तुमची. लागेपर्यंत चूप बसायचं."

"आता लागली."

"हो. उशीर केला, पण लागली."

दोघांनी मिळून माती परत लोटली. मग मितालीनं पिशवीतून यादी काढली आणि बहात्तराव्या ओळीत, चौथ्या रकान्यात, स्वतःचं नाव लिहिलं. उपयोगाचा रकाना अजून मोकळा होता. सलीलनं तिच्या हातून पेन घेतलं, मातीच्या बोटांनी तिथं एकच शब्द लिहिला आणि कागद तिच्याकडे वळवला. 'लग्नाला.'

"आधी मला विचारायचं असतं," ती म्हणाली.

"आज अमावास्या आहे. उद्या घट बसतात, उद्या विचारतो."

"अडीच वर्षं थांबलेय मी. मला ठाऊक नव्हतं, ही गोष्ट वेगळी. उद्यापर्यंत नाही थांबत."

त्यानं पेन तिच्या हातात परत दिलं. मग नाकावरचं पाणी बाहीला पुसून, खळी पाडत म्हणाला, "येतेस का, मिताली... आमच्यात राहाले?" त्यानं पहिल्यांदाच तिला एकेरी हाक मारली होती. ती हो म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, बागेतल्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं.

आतलं घड्याळ बाराचे ठोके द्यायला लागलं. दोघं न्हाणीच्या दगडाकडे बघत राहिले. बारा झाले. ठोके संपले. पाखरं ओरडत होती, शेवग्यात वारा होता. गडवा दगडावर होता तसाच, पालथा.

सलीलनं कोंबाजवळची माती चिमटीत घेतली. कोरडी होती. आतून पाट सरकवल्याचा आवाज आला, आणि मग काहीच नाही. म्हातारा वाट बघत होता.

मिताली उठली. गडवा उचलला, हौदातून भरला आणि हळदीच्या बुडाशी हळूहळू, धार मोडू न देता, रिकामा केला. मग तो दगडावर ठेवला.

टण्ण.

"आली वाटते," सदाशिवराव आतून म्हणाले.

"हो बाबा," सलील म्हणाला. "आली."